धरण कधी भरेल? : गणिताचा शिक्षक, प्रोग्रॅमिंग आणि ऑनलाइन कोर्स



पाऊस लागला की प्रवरेच्या काठावर एकच चौकशी सुरू होते : भंडारदरा किती भरलं? घाटघर, रतनवाडीच्या पावसाचे आकडे सकाळी सकाळी मोबाईलवर फिरायला लागतात. खाली संगमनेर, श्रीरामपूरकडचे पाहुणे फोन करतात तेव्हा तब्येतीच्या आधी पाण्याचं विचारतात. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. १९१० ते १९२६ या काळात हे धरण बांधलं, आणि तेव्हापासून खालच्या तालुक्यांची शेती त्याच्या पाण्याकडे डोळे लावून असते. हे सगळं आधी सांगितलं, कारण आजचा पाठ याच प्रश्नावर उभा आहे. विषय मात्र वेगळा आहे. गणिताच्या शिक्षकाने ऑनलाइन कोर्स करून प्रोग्रॅमिंग शिकवायला कसं शिकायचं, हा तो विषय.

प्रथम हे काम गणिताच्याच शिक्षकाकडे का येतं ते बघू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणित आणि संगणकीय विचार यांवर सुरुवातीपासून भर द्यावा, आणि सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम आणावेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. आता आपल्या शाळा डोळ्यांसमोर आणा. जिल्हा परिषदेची शाळा असो, आश्रमशाळा असो की गावातलं लहान माध्यमिक विद्यालय, संगणकासाठी वेगळा शिक्षक बहुतेक ठिकाणी नाहीच. मग मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये नजर फिरवतात आणि ती गणिताच्या सरांवर किंवा मॅडमवर येऊन थांबते. "तुमचं गणित आहे ना, मग जमेल तुम्हाला." प्रशिक्षण? ते ऑनलाइन आहेच की!

डोंगरातल्या शाळेत याचा अर्थ फार सरळ असतो. शहरातल्या मुलाला शाळेत नाही जमलं तर क्लास आहे, घरी लॅपटॉप आहे, दादा-ताई आहेत. इथल्या मुलीला प्रोग्रॅमिंग म्हणजे काय हे गणिताच्या तासाला कळलं तरच कळणार. म्हणून शिक्षकाने कोर्स "पूर्ण" केला की तो "शिकला", यातला फरक इथे महागात पडतो.

पालकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोरोनाच्या काळात सहा वर्षांच्या पोरांना कोडिंग शिकवा, अॅप बनवतील, लाखो कमावतील, अशा जाहिरातींचा पूर आला होता. त्या विसरून जा. शाळेत आपण जे म्हणतोय ते नोकरीसाठी नाही. एखादी कृती इतक्या नेमक्या पायऱ्यांत सांगायची की न समजणाऱ्या यंत्रालाही ती करता यावी, आणि चुकली तर कुठे चुकली ते शोधता यावं, एवढंच ते आहे. आपण गणितात नाहीतरी हेच करायला सांगतो. मसावि काढायची भागाकार पद्धत आठवा. ८० ला ६५ ने भागा, बाकी १५. मग ६५ ला १५ ने भागा, बाकी ५. मग १५ ला ५ ने भागा, बाकी शून्य, म्हणून मसावि ५. ही युक्लिडच्या काळापासूनची पद्धत. आर्यभटाच्या कुट्टकातही हीच भागाकारांची साखळी आहे. "बाकी शून्य येईपर्यंत हे करत राहा" या वाक्याला प्रोग्रॅमिंगमध्ये लूप म्हणतात. म्हणजे गणिताच्या शिक्षकाने लूप आयुष्यभर शिकवलेला असतो, फक्त त्याला त्या नावाने ओळखत नव्हता.

गणितवाल्याला कुठे अडतं

असं असूनही गणिताचे शिक्षक प्रोग्रॅमिंगला अडखळतात, आणि ते अडखळणं इतरांपेक्षा वेगळं असतं. कोर्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या व्हिडिओत एक ओळ येते :

एक्स = एक्स + १

गणिताच्या माणसाला हे बघून दचकायला होतं. दोन्ही बाजूंतून एक्स वजा करा, शून्य बरोबर एक! वीस वर्षं मुलांना "बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजू समान" म्हणून सांगितलं आणि आता हे? व्हिडिओतला तरुण मात्र "हे एक्सची किंमत एकने वाढवतं" म्हणून पुढे निघून जातो. त्याला यात काही विचित्र आहे हे माहीतही नसतं, कारण तो गणित शिकवत नाही.

खरं म्हणजे इथे थांबायला हवं. गणितातलं बरोबर चिन्ह एक विधान करतं. प्रोग्रॅममधलं बरोबर चिन्ह एक आज्ञा देतं : उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या नावाच्या डब्यात ठेव. गणितातला चल एका उदाहरणात एकच किंमत धरून बसतो. प्रोग्रॅममधला चल म्हणजे पुसून पुन्हा लिहायची पाटी. मुलांना हा फरक सांगितला नाही तर दोन्हीकडे नुकसान होतं. प्रोग्रॅम कळत नाही तो नाहीच, वर समीकरणाबद्दलही गोंधळ उरतो. अमेरिकेत बूटस्ट्रॅप नावाचा अभ्यासक्रम आहे. तो सुरू करणारे इमॅन्युएल शान्झर हे आधी गणिताचे शिक्षक होते. त्यांनी ही पाटी-पुसण्याची भाषा बाजूला ठेवली आणि ज्या भाषेत फल हे बीजगणितातल्या फलासारखंच वागतं अशी भाषा घेऊन प्रोग्रॅमिंग बीजगणिताच्या तासाला शिकवलं. तसं करा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे पायथन आणि स्क्रॅच यांचंच साहित्य जास्त मिळतं. पण ही अडचण खरी आहे, आणि जाणत्या माणसांनी तिच्यावर डोकं चालवलं आहे, हे माहीत असलेलं बरं.

दुसरी अडचण भूमितीतली. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंश. सेमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली, पुढे तिच्यात कासव आलं. कासवाला "१०० पावलं पुढे, ६० अंश वळ" असं तीनदा सांगितलं तर त्रिकोण होतच नाही. सहादा सांगितलं तर षटकोन होतो! कारण कासव वळतं ते बाह्यकोनातून, १२० अंशांतून. याला संगणकही लागत नाही. मैदानावर फक्कीने रेघ मारा, एका मुलीला कासव करा, बाकीच्यांनी आज्ञा द्यायच्या आणि तिने तंतोतंत तेवढंच करायचं. ती साठ अंश वळून भलतीकडेच चालायला लागली की वर्गात जो आरडाओरडा होतो, त्यात बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० का, हे एकदाचं डोक्यात बसतं. पूर्ण फेरी मारून मुलगी पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करून उभी राहते, म्हणून. सातवी-आठवीला हा तास जरूर घ्या. फक्त पावसाळ्यात नको, आमच्याकडे तर मैदान चार महिने तळंच असतं.

आता धरण

हा पाठ नववी-दहावीसाठी आहे. अंकगणिती श्रेढी झाल्यावर घेतला तर उत्तम. फळ्यावर प्रश्न लिहा : धरणात आज ३,००० दशलक्ष घनफूट पाणी आहे. रोज ३५० दशलक्ष घनफूट नवीन पाणी येतं. बाहेर काहीच सोडत नाहीत. धरण कितव्या दिवशी भरेल? (आकडे पाठासाठी घेतलेले आहेत, क्षमता तेवढी खरी.)

मुलं लगेच करतात. ११,०३९ वजा ३,००० म्हणजे ८,०३९, त्याला ३५० ने भागा, २२.९७, म्हणजे २३ वा दिवस. छान. आता हेच पायऱ्यांत लिहू :

साठा = ३०००
आवक = ३५०
दिवस = ०
जोपर्यंत साठा ११०३९ पेक्षा कमी आहे तोपर्यंत :
— साठा = साठा + आवक
— दिवस = दिवस + १
दिवस दाखव

वहीत तीन रकाने पाडून मुलांनी हे हाताने चालवायचं. दिवस ०, साठा ३०००. दिवस १, साठा ३३५०. दिवस २, साठा ३७००. चार ओळींत त्यांच्या लक्षात येतं की ही श्रेढीच आहे. शेवटच्या दोन ओळी मात्र करून घ्या : २२ व्या दिवशी १०,७००, २३ व्या दिवशी ११,०५०. "सर, पण ११,०५० तर बसणारच नाही!" असं एखादं पोरगं म्हणेलच. म्हणू द्या. वरचं ११ दशलक्ष घनफूट सांडव्यावरून जाईल.

इथे प्रामाणिक प्रश्न येतो. भागाकाराने एका ओळीत उत्तर आलं होतं, मग प्रोग्रॅम कशाला? याचं उत्तर पुढच्या पायरीत आहे, आणि कोर्समध्ये बहुतेक वेळा हीच पायरी नसते. पाऊस काही रोज सारखा पडत नाही. समजा उघडीप पडत चालली आहे आणि रोजची आवक आदल्या दिवसापेक्षा ३ टक्क्यांनी घटते. आता भागाकार चालत नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र एकच ओळ वाढवायची :

— आवक = आवक × ०.९७

उत्तर येतं ३९ दिवस. ४ टक्क्यांनी घटली तर? ०.९६ लिहा, उत्तर ६२. आता वर्गाला विचारा, ५ टक्क्यांनी घटली तर किती? २३, ३९, ६२ बघून मुलं अंदाज बांधतात : नव्वद, शंभर, कोणी दीडशे म्हणतं. ०.९५ लिहून प्रोग्रॅम चालवा.

प्रोग्रॅम थांबतच नाही.

संगणक बिघडला असं आधी वाटतं. मग साठा दर दिवशी पडद्यावर दाखवायला सांगा. १० व्या दिवशी साधारण ५,८०९. ५० व्या दिवशी ९,४६१. १०० व्या दिवशी ९,९५९. आकडा १०,००० च्या जवळ जवळ सरकतो आणि तिथेच घुटमळतो. धरण कधीच भरणार नाही! रोज पाणी येतंय, एकही दिवस कोरडा नाही, तरी भरत नाही. अनंत दिवस बेरीज करत गेलं तरी ती ३५० भागिले ०.०५, म्हणजे ७,००० च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि ३,००० अधिक ७,००० म्हणजे १०,०००. क्षमतेपेक्षा १,०३९ ने कमी. अनंत पदांची बेरीज मर्यादित असू शकते, हे अकरावी-बारावीचं गणित. दहावीच्या मुलाला ते सूत्राशिवाय, प्रोग्रॅम थांबत नाही म्हणून कळलं. आणि ४ टक्क्यांना ३५० भागिले ०.०४ म्हणजे ८,७५०, ते ८,०३९ पेक्षा जास्त, म्हणून धरण भरलं. चार आणि पाच टक्क्यांच्या मधे कुठेतरी एक सीमा आहे. ती कुठे, हे मुलांना शोधू द्या. ३५० ला ८,०३९ ने भागा : सुमारे ४.३५ टक्के.

शेवटी त्यांना अट सुधारायला सांगा : साठा क्षमतेपेक्षा कमी आहे आणि दिवस १२२ पेक्षा कमी आहेत, तोवर चालव. जून ते सप्टेंबर मिळून १२२ दिवस होतात, पावसाळा त्यानंतर कुठला! ही अट मुलं स्वतः सुचवतात, तेव्हा त्यांना प्रोग्रॅमिंग यायला लागलेलं असतं.

एक तांत्रिक सूचना. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावं देवनागरीत देता येतात. साठा, आवक, दिवस असंच लिहा, चालतं. आज्ञेचे शब्द (व्हाइल, इफ, प्रिंट) आणि प्रोग्रॅममधले अंक मात्र रोमनच लागतात. गंमत म्हणजे मुलाने प्रोग्रॅम चालू असताना १२ ही संख्या देवनागरी अंकांत टंकली, तर तिचं पूर्णांकात रूपांतर पायथन बरोबर करतो. इंग्रजीची भीती असलेल्या मुलांसाठी एवढा आधारही पुष्कळ असतो.

कोर्स काय देतो, काय देत नाही

कोर्स वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. घाटघरच्या शाळेतल्या शिक्षकाला उन्हाळ्यात पुण्याला पंधरा दिवस पाठवणं कुणाला परवडणार? व्हिडिओ त्याच्यापर्यंत येतो, पुन्हा पुन्हा बघता येतो, आणि आपल्याला आलं नाही हे चारचौघांत दिसत नाही. शेवटची गोष्ट छोटी नाही. पन्नाशीतल्या शिक्षकाला बीएड झालेल्या पोरांसमोर कीबोर्डवर अक्षर शोधायला अवघड वाटतं.

पण कोर्स आपण कसा "करतो", तेही आपल्याला ठाऊक आहे. व्हिडिओ एका कोपऱ्यात चालू, समोर पोषण आहाराची माहिती भरणं चालू. चाचणीची उत्तरं ग्रुपवर आलेली. प्रमाणपत्राची पीडीएफ सेवापुस्तकाच्या फाइलला लागली की विषय संपला. जगभरात असंच आहे, फक्त तिथे लोक सोडून देतात, आपण पूर्ण करतो! हार्वर्ड आणि एमआयटीच्या पहिल्या १७ मोफत ऑनलाइन कोर्सचा अहवाल २०१४ मध्ये आला. ८,४१,६८७ नोंदण्या, आणि प्रमाणपत्रं ४३,१९६. म्हणजे शंभरात पाच. एकट्याने पडद्यासमोर बसून शेवटपर्यंत जाणं अवघड आहे, त्यात शिक्षकाचा आळस शोधण्यात अर्थ नाही.

मग काय चालतं? आपल्याच महाराष्ट्रात याचं एक मोठं उदाहरण आहे. मुंबईच्या आयआयटीत डॉ. दीपक फाटक यांनी एका वेळी दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प चालवला. तो अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी होता, आणि प्रोग्रॅमिंग कसं शिकवावं हा त्यातल्या कार्यशाळांचा एक विषय होता. त्याची रचना बघण्यासारखी आहे. व्याख्यान मुंबईहून थेट प्रक्षेपित व्हायचं, पण शिक्षक घरी एकेकटे बसत नव्हते. देशभरातल्या महाविद्यालयांत केंद्रं होती. आसपासचे शिक्षक तिथे एकत्र जमायचे, व्याख्यान ऐकून लगेच प्रयोगशाळेत बसून प्रोग्रॅम लिहायचे. आणि प्रत्येक केंद्रावर एक समन्वयक असायचा, ज्याला आयआयटीत आधी बोलावून तयार केलेलं असायचं. व्याख्यान दूरचं, पण अडलेल्या ओळीवर बोट ठेवणारा माणूस जवळचा. फ्रान्सने २०१६ पासून माध्यमिक शाळेतल्या गणिताच्या अभ्यासक्रमातच प्रोग्रॅमिंग आणलं, तेव्हा तिथल्या क्लासकोड या शिक्षक-प्रशिक्षणातही ऑनलाइन पाठांच्या जोडीला प्रत्यक्ष भेटी ठेवल्या होत्या.

एक थंड पाण्याचा शिपकाराही मारून घेऊ. "प्रोग्रॅमिंग शिकलं की गणित आपोआप सुधारतं" असं बरेच कोर्स सुरुवातीलाच सांगतात. इंग्लंडमध्ये स्क्रॅचमॅथ्स नावाचा दोन वर्षांचा कार्यक्रम सुमारे ११० शाळांत पारखून पाहिला. २०१८ च्या मूल्यमापनात पहिल्या वर्षाअखेर मुलांचा संगणकीय विचार सुधारलेला दिसला, पण दुसऱ्या वर्षाअखेरच्या गणिताच्या परीक्षेत काही फरक दिसला नाही. दुसरं वर्ष परीक्षेचं होतं आणि अनेक शाळांत हे काम मागे पडलं, हेही खरं. तरी दावा करताना हात आखडता घ्या, विशेषतः पालकसभेत. धरणाच्या पाठात गणित शिकलं जातं ते प्रोग्रॅमिंगमुळे नाही. कुठे थांबायचं, काय विचारायचं हे शिक्षकाने गणित बघून ठरवलं म्हणून.

म्हणून कोर्स निवडताना मी एकच गोष्ट बघतो : यात मला माझ्या पुस्तकातल्या प्रकरणावर स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला लावतात की नाही? नुसतेच पर्यायी प्रश्न असतील तर तो कोर्स आज्ञा ओळखायला शिकवेल, शिकवायला शिकवणार नाही. पण तोही टाकून देऊ नका. उरलेला अर्धा भाग आपण करू शकतो. केंद्राची शिक्षण परिषद महिन्याला होतेच. तिच्यानंतर गणिताचे चार-पाच शिक्षक तासभर थांबले तरी होतं. प्रत्येकाने कोर्समधला एक धडा आधी बघून यायचा, आणि सगळ्यांनी मिळून एकच पाठ लिहायचा. पुढच्या महिन्यात तो पाठ वर्गात घेतलेल्याने सांगायचं की पोरं कुठे अडली. प्रमाणपत्र कुणाचं आधी आलं हा विषय तिथे काढायचाच नाही.

नेटवर्कचं रडगाणं सगळ्यांनाच माहीत आहे, पण त्यावर उपाय आहे. आयआयटी मुंबईचेच स्पोकन ट्युटोरियल हे छोटे पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय बघता येतात. त्यातल्या अनेक मालिकांना मराठी आवाज आहे, आणि जिओजेब्रा, केटर्टल यांसारख्या गणितवाल्यांच्या कामाच्या गोष्टीही तिथे आहेत. केटर्टल म्हणजे वर सांगितलेलं कासवच. राजूरला बाजाराच्या दिवशी गेलात की पेनड्राइव्हवर उतरवून आणा. आणि जिथे संगणकच नाही तिथे सीएसपाठशाला बघा. एसीएम इंडियाचा हा २०१६ पासूनचा उपक्रम संगणकाशिवाय संगणकीय विचार शिकवण्यावर भर देतो. तमिळनाडूने तर गणिताच्या प्राथमिक पुस्तकांतच माहिती-प्रक्रियेचं प्रकरण घातलं आहे, वेगळा विषय नाही, वेगळा शिक्षक नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातही असं एखादं प्रकरण आलं तर गणिताच्या शिक्षकाला ते वरून लादलेलं वाटणार नाही, असं माझं मत आहे.

पालकांचा नेहमीचा प्रश्न : घरी मोबाईल द्यावा का? धरणाच्या पाठाला वही पुरते. मुलगा किंवा मुलगी घरी रकाने पाडून आकडे लिहीत बसली असेल तर फक्त एवढं विचारा, "बाळा, हे थांबणार कधी?" उत्तर तुम्हाला यायलाच हवं असं नाही.

आता शिक्षकांसाठी गृहपाठ. खाली पाणी सोडलं जातं ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणून १,००० क्युसेक दिवसभर सोडले तर ८६.४ दशलक्ष घनफूट पाणी जातं. वरच्या प्रोग्रॅममध्ये रोजचा हा विसर्ग वजा करा. आवक रोज ३५० च राहिली तर धरण २३ ऐवजी ३१ व्या दिवशी भरेल, हे आधी ताडून बघा. मग आवक रोज ४ टक्क्यांनी घटवा. धरण भरत नाहीच, पण आता ते एका उंचीवर घुटमळतही नाही. काही दिवस चढतं आणि मग उतरायला लागतं. कितव्या दिवसापासून? ३६ आलं तर पुढच्या शिक्षण परिषदेत मुलांच्या वह्या घेऊन या. ३५ किंवा ३७ आलं तर वही आणाच, कारण मग त्या महिन्याचा तास त्याच ओळीवर घेता येईल.